मिरकरवाड्याजवळच्या घाणीवरचं मोहरीचं तेल: घ्या, पण बरणी घरून न्या

खोबरेलाच्या मुलखात मोहरीचं तेल घेतंय कोण? तर आमच्या रत्नागिरीत बोटींवरचे नेपाळी खलाशी घेतात. त्यांच्या मागणीमुळेच मिरकरवाडा बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या लाकडी घाणीवर मोहरी काढायला लागले. अर्धा लिटर १५० रुपये. पिशवीतल्या तेलापेक्षा महाग, पण झाकण उघडलं की पैसे कुठे गेले ते नाकाला कळतं.

हा झणका अख्ख्या दाण्यात नसतो. तिथे असतं सिनिग्रिन हे गंधकयुक्त संयुग, आणि त्याच्यापासून वेगळं ठेवलेलं मायरोसिनेज हे विकर. दाणा चिरडला, पाणी लागलं, की दोघांची गाठ पडते आणि अलाइल आयसोथायोसायनेट, म्हणजेच तो झणका, तयार होतं. घाणीवाला पाण्याचा हबका मारत म्हणाला, "सर, पाणी नाय मारलं तर वास कसला येणार?" बारावीला हेच शिकवायला मला अख्खा तास लागायचा.

लेबल मात्र वाचवत नाही. 'कोलेस्टेरॉलमुक्त, हृदयासाठी उत्तम.' अहो, कोलेस्टेरॉल कुठल्याच वनस्पती तेलात नाव घेण्याइतकं नसतं! सांगायला हवं ते इरुसिक आम्ल या मेदाम्लाचं. २२ कार्बनची ही लांब साखळी आपल्या नेहमीच्या मोहरीच्या तेलात साधारण ४० ते ५० टक्के असते. उंदरांना ती भरपूर खायला घातल्यावर त्यांच्या हृदयाच्या स्नायूंत चरबी साठली. माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही, पण कॅनडाने १९७०च्या दशकात हे आम्ल अगदी कमी करून कॅनोला हे तेलबियांचं वाण केलं, आणि आपल्याकडेही पुसा मोहरी ३० सारखी कमी इरुसिकची वाणं आहेत. घाणीवर कुठलं वाण येतं ते विचारलं. "घाटावरचा व्यापारी देतो ते," एवढंच उत्तर. म्हणून मी ते लोणच्याला आणि अधूनमधून माशाला वापरतो, रोजच्या फोडणीला नाही. कोळंबीच्या लोणच्यात तर दुसरं तेल आता चालत नाही.

खरी तक्रार बाटलीची. पारदर्शक प्लॅस्टिक, तेही दारातल्या उन्हात मांडलेलं. या तेलात लिनोलेनिक आम्ल १० टक्क्यांच्या आसपास असतं. तीन दुहेरी बंधांचं हे आम्ल उजेडात आणि उष्णतेत लवकर खवट होतं. आतल्या पिंपातलं मागा, आपल्या बरणीत बिनतक्रार भरून देतात.

सोमवारी बंद. जून-जुलैत बोटी किनाऱ्याला लागतात, खलाशी गावी जातात आणि मोहरी निघतच नाही. लोणच्यापुरतं मे महिन्यातच आणून ठेवा.