'फुल टूरिंग सेटिंग'च्या नावाखाली २६,९०० रुपयांना चुना

ज्या गॅरेजनं माझ्या मोटारसायकलीच्या कामात मला फसवलं, त्याचं नाव लिहिणार नाही. वकील मित्र म्हणाला, लिहिलंस तर गॅरेजवालाच तुझ्यावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकेल. म्हणजे फसवणार तो आणि तोंड दाबून बसायचं मी! असो. हिमालयन, डॉमिनार, थंडरबर्ड असली जुनी मोटारसायकल घ्यायची आणि लांबच्या प्रवासाला तयार करून घ्यायची, असं डोक्यात असलेली पोरं कोल्हापुरात पैशाला पासरी आहेत. त्यांच्यासाठी लिहितोय. नाव नसलं तरी पद्धत ओळखता येईल.

हा किस्सा सांगितला की प्रत्येकजण शहाणपणानं विचारतो, "गाडी नीट बघून घेतली नव्हतीस काय?" म्हणून आधीच सांगतो, गाडी घेताना मी फसलेलो नाही. २०१९ ची हिमालयन ४११, एमएच-०९ पासिंग, ओळखीच्या प्राध्यापकांची, १,१८,००० रुपयांना. वाहन पोर्टलवर आरसी बघितली, चेसिस नंबर प्रत्यक्ष ताडून घेतला, कर्जाचा बोजा उतरलाय का बघितलं, ई-चलनं बघितली. सर्व्हिसचा इतिहास काढला तर मीटरवरचे ३४ हजार किलोमीटर जॉबकार्डांशी जुळत होते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या माझ्यासमोर झाल्या. गाडी नावावर झाली की १४ दिवसांत विमाही आपल्या नावावर करायचा असतो, तोसुद्धा केला. एवढं करणारा माणूस गाफील म्हणायचा का?

पण सगळे सावध करतात ते गाडी घेण्याबद्दल. व्यवहार झाला, पेढे वाटले की आपण सैल पडतो. मग गाडी 'सेट' करायला कुणाच्या तरी हवाली करतो आणि खरा हात तिथं मारला जातो. घेताना चेसिस नंबर दोनदा वाचणारा माणूस, गॅरेजात चावी देताना बॅटरीचा नंबरसुद्धा टिपून ठेवत नाही.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला तारीख लांबची होती. आणि हे गॅरेज म्हणजे काय, भिंतीवर लडाखच्या खार्दुंगलाचे फोटो, रायडर ग्रुपांचे स्टिकर, रोज एक रील. मालक स्वतः गोड. "भावा, लांब न्यायची आसंल तर आर्धवट काम मी करत न्हाई. एकदाच फुल टूरिंग सेटिंग करू, मग दोन वर्सं बघायचं काम न्हाई."

त्यानं मला पटवलं कसं, ते नीट वाचा, कारण प्रत्येक गोष्ट त्यानं मला 'दाखवली'. चेन हातानं वर-खाली हलवून दाखवली, केवढी लोंबतेय बघ म्हणे. अहो, लोंबणारी चेन ॲडजस्टरवर ताणता येते. संपलेली चेन ओळखायची तर मागच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चकतीवर, ती मागं ओढून बघायची. दात अर्ध्याहून जास्त उघडा पडला तर संपली. हे मला नंतर कळलं. आणि त्यानं आधी ॲडजस्टर ढिला केला नव्हता असं मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. बॅटरीचंही तेच. मीटर लावून दाखवला, आकडा १२ च्या खाली. पण त्याआधी आम्ही चहा घेत होतो तोवर गाडीची चावी चालू होती, आणि या गाड्यांचा हेडलाइट बंदच होत नाही. बसून राहिलेली चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. दिवा जाळत ठेवून मोजली तर चांगली बॅटरीही कमीच दाखवणार.

बिल असं: चेन-स्प्रॉकेट ४,२००, क्लचप्लेटा ३,६५०, कोनसेट (हँडलच्या बेअरिंगा) १,४५०, पुढच्या फोर्कचं (शॉकॲबचं) तेल आणि सील १,९००, ब्रेकपॅड १,८५०, इंजिन ऑइल आणि फिल्टर १,९५०, एअर फिल्टर आणि प्लग १,१००, थ्रॉटल बॉडी व इंजेक्टर सफाई १,२००, व्हील बेअरिंग १,७००, मजुरी ५,५००. झाले २४,५००. वर बॅटरी २,४००, तीही जुनी 'बायबॅक'मध्ये घेऊन. एकूण २६,९००. त्यातले १५,००० यूपीआयनं, तेही त्याच्या नव्हे, त्याच्या वहिनींच्या खात्यावर. ११,९०० रोख. कागदाच्या डोक्यावर छापलेलं होतं 'एस्टिमेट'. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं बिल पायजे आसंल तर जीएसटी वाढंल की भावा." तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा.

आता ती पिशवी.

गाडी न्यायला गेलो तर त्यानं आपणहून एक गोणपाटाची पिशवी आणून माझ्यासमोर रिकामी केली. "हे बघ तुझे जुने पार्ट. आम्ही लपवाछपवी करत न्हाई." मी खूश. जुने पार्ट मागून घ्यावेत हे मला माहीत होतं आणि इथं तर माणूस न मागता देतोय. चेन हातात घेतली. गंजलेली, कडक. आणि तिच्या कड्यांमध्ये ओ-रिंग, म्हणजे आतलं ग्रीस टिकवणाऱ्या रबरी रिंगा, नव्हत्या.

माझ्या गाडीची चेन ओ-रिंगवाली होती. मीच ती आदल्या रविवारी घरापुढं केरोसीन आणि मऊ ब्रशनं साफ केली होती. वायरब्रश लावायचा नाही, रिंगा फाटतात, हे पोराला सांगत सांगत केली होती. रिंग न् रिंग बघितली होती मी. विचारलं त्याला, "ओ-रिंग कुठं गेल्या?" तर म्हणाला, "झिजून जात्यात भावा, चौतीस हजार झाल्यात." आणि पाठीवर थाप.

शेकडो रिंगा, आठवड्यात, एकही तुकडा मागं न ठेवता झिजून जातात? मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. केसाएवढी चीर दिसली तर कास्टिंग बाजूला काढतो. माझ्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नाही. आणि तिथं उभा राहून मी दुसऱ्याच्या गाडीची गंजकी चेन माझी म्हणून मान्य केली. का? तर गाडी समोर धुऊन-पॉलिश करून चकाकत होती, बायकोचा फोन येत होता, मागं चार पोरं उभी होती आणि त्यांच्यासमोर 'काका लईच शंका काढत्यात' असं व्हायला नको होतं. क्लचच्या कव्हरच्या बोल्टांवर जुना चिखल तसाच वाळलेला होता, तोही दिसला होता. क्लचप्लेटा बदलायच्या तर ते कव्हर उघडावंच लागतं. पण तोवर माझी नजर नव्या चेनवर थापलेल्या पांढऱ्या स्प्रेवर. त्या थराखाली ओ-रिंग आहे की नाही, देवालाच ठाऊक.

शहरात गाडी मस्त चालली. आजऱ्यावरून आंबोली उतरून सावंतवाडीपर्यंत काही नाही. परतताना दाणोली सोडून घाट चढायला लागलो आणि इंजिन नुसतं ओरडायला लागलं, वेग काही वाढेना. मग जळका वास. धबधब्यापाशी गाडी कडेला घेतली. फोटो काढणारी माणसं, पावसात उभी बायको, आणि ती काहीच बोलली नाही, हे जास्त लागलं. पिकअपवाल्यानं कोल्हापूरपर्यंत ६,००० घेतले.

गाडी उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रीकडं टाकली. त्यांनी क्लचचं कव्हर उघडलं. आतलं गॅस्केट कंपनीचंच, कधीही न सोडवलेलं. प्लेटा जुन्याच, आता जळून काळ्या. त्यांच्या मते तेल कारचं किंवा ड्रममधलं सुटं असावं. मोटारसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो. कारच्या तेलात घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्यानं प्लेटा घसरतात. म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हा मोटारसायकलच्या तेलाचा दर्जा लिहिलेलं तेलच घालायचं. कोनसेट? मिस्त्रींनी मेनस्टँडवर पुढचं चाक उचललं आणि हँडल हळू फिरवायला मला लावलं. मधोमध खट्टकन अडकत होतं. जुनाच कोनसेट, वर नवं ग्रीस. फोर्कमधून शाईसारखं काळं तेल आलं. बेअरिंग जुनी. ब्रेकपॅड सँडपेपरनं घासलेले. बॅटरीचं स्टिकर नवं, खाली दुसऱ्या स्टिकरचा डिंक. चेन? बिन-रिंगची, साधी. खरं काय केलं असेल तर धुतली आणि पॉलिश मारलं. मजुरी ५,५००.

परत सगळं करायला १७,६५० लागले. या वेळी पार्ट मी स्वतः दुकानातून आणले, पुडीवरचा पार्ट नंबर आणि एमआरपी बघून, आणि बाकड्यावर बसून राहिलो. एकूण ५०,५५० घाला मोजून.

गॅरेजवाल्याकडं गेलो तर चोराच्या उलट्या बोंबा. "घाटात हाफ क्लचवर रगडलास आणि आता मला सांगतोस व्हय? आणि भाईर खोललीस ना, मग आमची जबाबदारी संपली." हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. दुसरीकडं उघडायच्या आधी पहिल्याला व्हॉट्सॲपवर लेखी कळवा आणि उघडताना सलग व्हिडिओ काढा. माझ्याकडं फक्त फोटो आहेत. उद्यमनगरच्या मिस्त्रींना म्हटलं, दोन ओळी लिहून द्या. ते म्हणाले, "साहेब, मला इथंच धंदा करायचाय." त्यांचंही बरोबर आहे म्हणा.

मग सुरू झाली वारी. पोलीस ठाण्यात विचारलं, "गाडी तुमच्या ताब्यात आहे ना? चालतेय ना आता? मग गुन्हा कसला? हे दिवाणी आहे." मी म्हटलं, फसवणुकीचं कलम आहे, आता न्याय संहितेचं ३१८, पूर्वीचं ४२०. तर समोरचा गृहस्थ हसला, "अभ्यास करून आलाय म्हणजे." गॅरेज दुसऱ्या हद्दीत, तिकडं जा. तिकडचे म्हणाले, पैसे यूपीआयनं गेलेत ना, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतः पाठवलेत, समोरचा माणूस माहितीचा, हे सायबर नव्हे. परत पहिल्या ठाण्यात. साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या वेळी साहेब मीटिंगला. एका अर्जाची पोच मिळवायला ताटकळलो, आणि शिक्का मारणारा माझ्यावरच उपकार केल्यासारखा बघत होता. खिशातले ११,९०० रोख दिल्याचा पुरावा काय, असं मला विचारलं. गॅरेजवाल्याला एक फोन करून काही विचारावं, हे कुणाला सुचलं नाही. सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, आणि काही दिवसांनी 'तक्रार बंद' असा संदेश. कशी बंद, कुणी केली, का केली? वाहन खात्यात विचारलं, गॅरेजवर देखरेख कुणाची? आमची नाही. बरोबरच आहे. कामगार थोडे असले की दुकानाची नुसती ऑनलाइन सूचना दिली तरी भागतं. पानपट्टी आणि तुमच्या ब्रेकची जबाबदारी घेणारा माणूस, कायद्याला दोघं सारखेच. कर मात्र मी गाडीच्या प्रत्येक नटबोल्टवर भरलाय.

गुन्हा नोंदवून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, स्पीड पोस्टानं. नवीन नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये ती सोय आहे. मी पाठवलंय. आणि जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत. पण तिथंही 'एस्टिमेट' लिहिलेला कागद घेऊन उभं राहायला लाज वाटते, म्हणून सांगतो: पक्क्या बिलाचा जीएसटी भरा. मी भरला असता तर आज कागदाला किंमत असती. पैसे गॅरेजच्या किंवा मालकाच्याच खात्यावर द्या, वहिनी, मेहुणा, पुतण्या कुणी नको.

चावी देण्याआधी चेन, पॅड, बॅटरी, प्लग सगळ्यांना आडबाजूला पेंटचा ठिपका लावा. बायकोची नेलपॉलिशही चालते. तेल तुमच्यासमोर, सीलबंद डब्यातून. ब्रेक ऑइलही तसंच. गाडी रात्री गॅरेजात ठेवायची वेळ आली तर मीटर आणि बॅटरीच्या नंबराचा फोटो त्याच्या देखत काढा. त्याला राग आला तर गाडी घेऊन घरी या.

आणि एक. माझी मूळ बॅटरी अजून कुठंतरी फिरत असणार. प्राध्यापकांनी तिच्या बाजूला पांढऱ्या मार्करनं बसवल्याची तारीख लिहिली होती, १४ ऑगस्ट, वर्षाचे शेवटचे दोन आकडे अर्धवट पुसलेले. अलीकडं कुणी एखाद्या गॅरेजातून 'जुनी पण एकदम फ्रेश' म्हणून बॅटरी घेतली असेल तर सीट काढून बघा आणि मला कळवा. बॅटरी परत मागणार नाही, फक्त तिचा फोटो आणि तुमची पावती हवी आहे.