वाचनालयाच्या संकेतस्थळासाठी वर्डप्रेस : काही महिन्यांच्या वापरानंतर

नागपूरच्या दक्षिण-पश्चिम भागातील आमचे वाचनालय आणि त्याला जोडलेली अभ्यासिका यांचे संकेतस्थळ उन्हाळ्यापूर्वी आम्ही वर्डप्रेसवर नेले. संकेतस्थळ तयार करण्याची आणि सांभाळण्याची ही प्रणाली २००३ पासून उपलब्ध असून विनामूल्य आहे. खर्च येतो तो डोमेन (संकेतस्थळाचे नाव) आणि होस्टिंगचा (ते ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेली संगणकावरील जागा). ज्या संस्थेची माहिती वारंवार बदलते आणि कार्यकर्तेही दर एक-दोन वर्षांनी बदलतात, तिच्यासाठी ही निवड योग्य आहे, असे माझे मत झाले आहे. मात्र संकेतस्थळ उपयोगी पडते की नाही, हे प्रणालीपेक्षा त्यावर काय ठेवले आणि काय ठेवले नाही यावरच अधिक ठरते.

सर्वांत मोठा लाभ झाला तो वेळापत्रकाच्या बाबतीत. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की आमच्या देवघेव विभागाची दुपारची वेळ बदलते, अभ्यासिका मात्र स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी पहाटेपासून उघडी असते, आणि पोळा, तान्हा पोळा, दिवाळी यांच्या सुट्ट्या निराळ्या. हे वेळापत्रक मुखपृष्ठ, संपर्क आणि सभासदत्व अशा तीन पानांवर लागते. वर्डप्रेसच्या ब्लॉक एडिटरमध्ये, म्हणजे पान तुकड्यातुकड्यांनी रचण्याच्या संपादकात, एखादा मजकूर ‘सिंक्ड पॅटर्न’ म्हणून साठवता येतो. तो एका ठिकाणी बदलला की सर्व पानांवर बदलतो. जुन्या स्थळावर एका पानावर उन्हाळी वेळ आणि दुसऱ्यावर हिवाळी वेळ दिसत असे, आणि त्याचे उत्तर ग्रंथपालांना दूरध्वनीवर द्यावे लागे. तो प्रकार आता थांबला आहे.

मुखपृष्ठावर काय असावे, यावरून कार्यकारिणीत बरीच चर्चा झाली. अध्यक्षांचे मनोगत, सरकती छायाचित्रे आणि स्थापनेचा इतिहास वर असावा, असा आग्रह होता. त्याऐवजी आम्ही अभ्यासिकेतील काही विद्यार्थ्यांच्या हातात त्यांचाच मोबाईल देऊन ‘मासिक शुल्क किती आहे ते शोधा’ एवढेच सांगितले आणि मध्ये न बोलता पाहत राहिलो. ढोबळ त्रुटी उघड होण्यासाठी पाच वापरकर्ते पुरतात, असे संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडले होते. आम्हाला तर तिसऱ्यापर्यंतच उत्तर मिळाले. सरकत्या छायाचित्रांकडे कोणी पाहिले नाही, सगळ्यांनी ती अंगठ्याने वर ढकलली. आता मुखपृष्ठावर प्रथम आजची वेळ, शुल्क, पत्ता आणि स्पर्श करताच फोन लागेल असा क्रमांक आहे. मनोगत ‘आमच्याविषयी’ या पानावर सुखरूप आहे.

देवनागरीच्या बाबतीत अधिक लक्ष द्यावे लागले. बहुतेक तयार थीम, म्हणजे स्थळाच्या रंगरूपाचे साचे, रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असतात. त्यांत शीर्षकांना अक्षरांमधील अंतर वाढवून दिलेले असते, ते देवनागरीला लागू झाले की शिरोरेषा तुटते. ते शून्य करावे. वेलांट्या, रफार आणि उकार यांना जागा हवी म्हणून ओळींमधील अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवावे. दोन्ही कडा समान करण्याचा मोहही टाळावा, कारण मराठीतील लांब शब्द ओळीअखेर तुटत नाहीत आणि मोबाईलच्या अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये खिंडारे पडतात. स्थळाची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्यास, ज्या फॉण्टमध्ये सोय असते त्यात ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नव्हे. फिकट करड्या अक्षरांची सध्या फॅशन आहे. परंतु साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ एवढा रंगभेद असावा, असे वेब सुलभतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, आणि आमचे ज्येष्ठ सभासद तीच मागणी अधिक स्पष्ट शब्दांत करतात.

पानाचे शीर्षक मराठीत दिले की वर्डप्रेस त्याचा वेब-पत्ताही (लिंक) मराठीतच तयार करते. तो व्हॉट्सॲपवर पाठवताना अनेकदा टक्केचिन्हांच्या माळेत बदलतो, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट आणि त्यांची मिळून नऊ रोमन चिन्हे होतात. म्हणून पान प्रसिद्ध करण्यापूर्वीच पत्ता रोमन लिपीत एका-दोन शब्दांचा करून घ्यावा.

ग्रंथसूचीचे काम सर्वांत किचकट ठरले. जुनी सूची युनिकोडपूर्व फॉण्टमधील (युनिकोड म्हणजे सर्व लिप्यांसाठीची समान संगणकीय संकेतपद्धती) पीडीएफ होती; दिसायला मराठी, पण शोधले तर काहीच सापडत नसे. ती युनिकोडमध्ये आणल्यावर दुसरी अडचण समोर आली. ‘वाऱ्यावर’मधील ऱ्य दोन प्रकारे टंकला जातो आणि संगणकात दोन निराळ्या चिन्हमालिका साठवल्या जातात, ‘ॲ’चेही तसेच. एका प्रकारे टंकलेले शीर्षक दुसऱ्या प्रकारे शोधल्यास मिळेलच, याची खात्री नसते. सूची चढवण्यापूर्वी असे सर्व पर्याय ‘शोधा आणि बदला’ने एकसारखे करून घ्यावेत, आणि बरेच जण मोबाईलवर मराठी नावे रोमन लिपीत लिहितात म्हणून लेखकाच्या नावाचा रोमन स्तंभही ठेवावा. आम्ही तो ठेवला आणि त्याचा उपयोग होताना दिसतो.

देणगीच्या पानावर केवळ क्यूआर कोड लावण्याची पद्धत सर्वत्र आहे. मात्र जो मनुष्य ते पान मोबाईलवर पाहत आहे, त्याने तो कोड कोणत्या मोबाईलने टिपायचा? कोडखाली यूपीआय आयडी अक्षरांत द्यावा, तो नक्कल करता यावा, आणि खात्याचे नाव काय दिसेल तेही लिहावे, म्हणजे देणाऱ्याची खात्री पटते.

आता उणिवा. प्लगइनांचा, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या लहान पूरक प्रोग्रॅमांचा, सुळसुळाट ही वर्डप्रेसची खरी डोकेदुखी आहे. प्रत्येक लहान गरजेसाठी एक प्लगइन मिळते, ते वेग कमी करते, आणि अपडेट न केलेले प्लगइन हाच स्थळात शिरण्याचा सर्वपरिचित मार्ग आहे. आम्ही मोजकीच ठेवली आणि बॅकअप होस्टिंगबाहेर घेतो. भूमिकांची विभागणी चांगली आहे: विद्यार्थी कार्यकर्त्यांना ‘कॉन्ट्रिब्युटर’ केले की ते लिहू शकतात, पण संपादकाच्या संमतीशिवाय काही प्रसिद्ध होत नाही. मात्र या भूमिकेतून छायाचित्रे चढवता येत नाहीत, त्यामुळे कार्यक्रमाच्या वृत्तासाठी कोणाच्या तरी मागे लागावेच लागते.

पुस्तकांची देवघेव आम्ही यावर आणलेली नाही आणि आणण्याचा विचारही नाही. त्यासाठी कोहासारखी ग्रंथालयासाठीच बनवलेली मुक्त प्रणाली योग्य. ज्या मंडळाची माहिती वर्षातून एकदाच बदलते, त्याने वर्डप्रेसच्या अपडेटचे ओझे घेऊ नये, एक साधे स्थिर पान पुरेल. आणि मार्ग कोणताही निवडला तरी डोमेन संस्थेच्या ई-मेलवर नोंदवावे, सचिवांच्या व्यक्तिगत ई-मेलवर नव्हे. कार्यकारिणीची निवडणूक झाली की नूतनीकरणाची सूचना माजी सचिवांच्या इनबॉक्समध्ये पडून राहते.