कारवानी कुत्रं का पॉइंटर? आपल्या रानाच्या हिशोबानं रिव्ह्यू

ससाणा सोडून शिकार करायचे परदेशी व्हिडीओ बघून ज्यांना पॉइंटर कुत्रं घ्यायची हुक्की आलीय त्यांनी जरा दमानं घ्या. आपल्याकडं १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, बहिरी ससाणा सोडा, साधा शिकरा धरून पाळला तरी केस होते. आणि नुसतं कुत्रं सशामागं पळवलं तरी कायद्यात ती शिकारच धरतात, ससा घावो न घावो. त्यामुळं हा रिव्ह्यू रानात राखणीला आणि सोबतीला कुत्रं घेणाऱ्यांसाठी.

तरी पॉइंटरचं कौतुक करायलाच पाहिजे. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर कराडला एका ओळखीच्यांकडं आहे. बांधाच्या गवतात तितर दडलेलं, हे गडी पळता पळता जाग्यावर थिजलं, पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, ओठाच्या कडेनं लाळेची तार लोंबतीय पण मालकानं हाक मारेपर्यंत तसूभर हललं नाही. तिकडच्या बाजदारांना (ससाणा पाळून शिकार करणाऱ्यांना) नेमकं हेच लागतं, कुत्रं दडलेल्या पक्ष्याकडं रोख धरून उभं राहतं तोवर ससाणा सोडायचा, तो वर चढून डोक्यावर घिरट्या घालायला लागला की मगच पक्षी उठवायचा. कुत्र्यानं घाई केली की सगळं मुसळ केरात. वर तेच कुत्रं पाण्यात उडी टाकून पडलेला पक्षी आणतं, जखमी जनावराचा माग पण काढतं, म्हणून ऑलराउंडर म्हणून त्याचं नाव आहे. पण त्याला रोज भरपूर पळवायला लागतं, नाहीतर घरातल्या चपला आणि ड्रिपच्या नळ्या शिल्लक राहत नाहीत, आणि एप्रिल-मे मधे दुपारचं बाहेर काढायचं नाव नको.

आपला कारवानी, म्हणजे इकडचं देशी शिकारी कुत्रं, एकदम उलटा. नाक दुय्यम, सगळा खेळ डोळ्याचा आणि पायाचा. अरबस्तानातला सलुकी याच धाटणीचा, तिकडं सलुकी आणि ससाणा जोडीनं सोडायचे, ससाणा वरनं झडपा घालून जनावराला गोंधळवायचा आणि मागनं कुत्रं गाठायचं. पण कारवानीला उघडं रान पाहिजे. म्हणून जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, इकडं माण-खटाव असलं माळरान असेल तर डोळे झाकून कारवानी घ्या. वाळवा, पलूसकडं उसाच्या फडात त्याचा काय उपयोग नाही, दिसतच नाही तर पळणार कुठं? तिथं रानडुकराची चाहूल लागली की भुंकून गोंधळ घालणारं गावठी बेस्ट, फुकट पण मिळतं.

मी पिल्लू जतच्या बाजूला एका शेतकऱ्याकडनं घेतलं. त्यांची पद्धत आवडली. "पाव्हणं, पिल्लू नंतर, आधी आई-बाप बघा," म्हणत दोघांना माळावर मोकळं सोडून दाखवलं. छाती खोल, पोट पार आत ओढलेलं, कातडी एवढी पातळ की फासळ्या मोजाव्यात (नवखा माणूस म्हणतो खायला घालत नाहीत, तसं नाही, ते तसंच असतं). बारा हजार म्हणाले, दहावर तुटलं. कानाला आणि शेपटीला झुपके असलेली पश्मी पिल्लं पण होती, दिसायला भारी पण कुसळं आणि गोचीड कोण काढत बसणार, म्हणून गुळगुळीत अंगाचंच उचललं.

एक स्टार मात्र कापतोय. लसीच्या कार्डावर नुसती पेनानं तारीख, बाटलीचा स्टिकर नाही. पार्वो रोगानं पिल्लं पटापट जातात, इथं असला ढिलेपणा चालत नाही. मी सांगलीत येऊन डॉक्टरांना विचारून लसी पहिल्यापासून केल्या. जातीच्या नोंदणीचे कागद पाहिजे असतील तर हे पण बघा की केनेल क्लब ऑफ इंडियाकडं ही जात कॅरव्हान हाउंड नावानं आहे, मुधोळ हाउंड या दुसऱ्या नावानं शोधत बसू नका.

खाणं सोपं, भाकरी, दूध, अंडं, अधनंमधनं मटण. अनोळखी माणसानं अंगाला हात लावलेला खपत नाही, पाहुणेरावळे फार असतील तर विचार करा. आणि ऑपरेशनची वेळ आली तर भूल देण्याआधी डॉक्टरांना जात आवर्जून सांगा, असल्या बिनचरबीच्या कुत्र्यांना भुलीची काही औषधं लवकर उतरत नाहीत.

कुत्र्याला ५ पैकी ५, विकणाऱ्याला ४.