ॲक्सिडेंट क्लेमचे वकील, शाहूपुरी, कोल्हापूर : ४ स्टार, एक स्टार जिन्यासाठी कापलाय

वकील साहेबांचं नाव टाकत नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलं, वकिलाला स्वतःची जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी असते. पण काम कसं केलं ते सांगायला बंदी नाही म्हणून लिहितेय, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आमचे दाजी सेंट्रिंगचं काम करायचे, म्हणजे स्लॅब ओतायच्या आधी खाली बांबू आणि लोखंडी प्लेटा लावायचं. ऊस सीझनला रात्री कामावरनं येताना गगनबावडा रोडला पंक्चर होऊन उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागनं दाजींची गाडी धडकली, ट्रॉलीला ना लाईट ना रिफ्लेक्टर, मागं एखादी झाडाची फांदी तरी टाकायची की नाही माणसानं. डावा पाय गुडघ्याखालनं काढावा लागला. दाजींचं वय ३८, पोरं शाळेत, अक्का शिवणकाम करते, बाकी काय परिस्थिती ते आलं तुमच्या लक्षात.

दवाखान्यात असतानाच एकजण आला, क्लेम करून देतो, एक रुपया आधी नको, मिळतील त्यातले ३० टक्के, फक्त ह्या कोऱ्या वकीलपत्रावर सही करा. अक्का सही करायलाच निघालेली. मी पतपेढीत कामाला आहे, कोऱ्या कागदावर सही म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते, मी कागद परत दिला. नंतर कळलं की मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवून केस घेणं वकिलाला चालतच नाही, नियमातच बसत नाही. शाहूपुरीच्या ह्या साहेबांनी फी पहिल्याच दिवशी आकड्यात सांगितली, कोर्टाचा खर्च वेगळा, आणि हप्त्यानं घेतली. आकडा लिहीत नाही, केस तशी फी. पण एक सांगते, प्रत्येक पैशाची पावती दिली.

साहेब मला पटले ते पहिल्याच प्रश्नाला. बाकी सगळे, नातेवाईक धरून, एकच विचारायचे, अपंगत्वाचं सर्टिफिकेट किती टक्क्याचं निघालं? सीपीआरचं (इथला सरकारी दवाखाना) सर्टिफिकेट ६० टक्के. ह्यांनी ते बाजूला ठेवलं आणि दाजींना विचारलं, "तुम्ही वर चढत होता का खालनं प्लेटा देत होता?" दाजी म्हणाले, मी वरचाच माणूस. मग अर्धा तास तेच, किती मजले, बांबूवरनं कसं जायचं, प्लेट खांद्यावर किती वजनाची, एका पायावर यातलं काय होईल. मला वाटलं टाईमपास चाललाय. पण अख्खी केस त्यावरच उभी राहिली.

त्याचं असं आहे. शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं नुकसान वेगळं. सुप्रीम कोर्टाचा २०१० चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकाल आहे, त्यात उदाहरणच दिलंय की डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळजवळ सगळीच जाईल पण सरकारी क्लार्कची नोकरी चालूच राहू शकते, म्हणून सर्टिफिकेटवरचे टक्के जसेच्या तसे धरायचे नाहीत. आता हिशोब बघा. महिना १५,००० कमाई धरली, वय चाळीसच्या आत आणि कायमची नोकरी नाही म्हणून पुढं कमाई वाढली असती त्याचे ४० टक्के जादा (सुप्रीम कोर्टाचा प्रणय सेठी निकाल, २०१७), झाले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. ३६ ते ४० वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला जितक्यानं गुणायचं तो आकडा, १५ (सरला वर्मा निकाल, २००९), म्हणजे ३७,८०,०००. त्याच्या ६० टक्के धरले तर २२,६८,००० आणि ८० टक्के धरले तर ३०,२४,०००. साडेसात लाखाच्या वर फरक, तो पण फक्त "वर चढत होता का" ह्या प्रश्नाचा. आमच्यात कोर्टानं ८० धरले.

पण ते १५,००० सिद्ध करणं म्हणजे डोक्याला ताप. सेंट्रिंगवाल्याकडं कुठली आलीय पगार स्लिप, शनिवारी रोख हातात. साहेबांनी ठेकेदाराची हजेरीची वही मागवली, अक्काच्या बचत गटाच्या कर्जाचे हप्ते काढले, पोरांच्या फीच्या पावत्या, दाजींचा पासबुक, आणि माझ्या भाच्याच्या मोबाईलमधला दाजी स्लॅबवर उभे असलेला फोटो सुद्धा. ठेकेदार साक्षीला यायला तयार नव्हता, त्याला वाटलं कामगार खात्याचं लफडं मागं लागेल. साहेबांनी बसवून समजावलं, शेवटी आला आणि चांगलं बोलला. डॉक्टरांना पण कोर्टात आणलं, नुसतं सर्टिफिकेट फाईलला लावून भागत नाही, विमा कंपनीचा वकील उलटतपासणी घेतोच.

ट्रॅक्टरच्या विमा कंपनीनं काय काय काढलं ते वाचून ठेवा, ऊस ट्रॉलीच्या केसमध्ये हमखास निघणार. एक, मागनं येऊन धडकला म्हणजे चूक ह्याचीच. दोन, ट्रॅक्टरचा विमा शेतीसाठीचा आणि वाहतूक चाललेली भाड्यानं. तीन, विमा ट्रॅक्टरचा, ट्रॉलीचा नाहीच. पहिल्याला पंचनामा कामी आला, त्यात रिफ्लेक्टर नसल्याचं लिहिलेलं, तरी २० टक्के चूक दाजींवर टाकून तेवढी रक्कम कापलीच. मला ते अजून पटलेलं नाही, अंधारात काळी ट्रॉली कुणाला दिसणार? बाकी दोन मुद्द्यांवर कोर्टानं कंपनीला सांगितलं, आधी ह्यांचे पैसे भरा, मग मालकाकडनं वसूल करा. ट्रॅक्टर मालक ओळखीतलाच, "पैसे कंपनी भरणार हाय की" म्हणून गप्प बसलेला, आता बोलायचा बंद झालाय. हे असं होऊ शकतं हे साहेबांनी आम्हाला सुरुवातीलाच सांगितलेलं, लपवलं नाही.

मधी लोकअदालतीत कंपनीनं आकडा दिला होता. पैसे लगेच, कटकट संपली, अक्का तयार. साहेबांनी कागदावर मांडून दाखवलं की आकडा ६० टक्क्याच्या पण खाली धरून काढलाय आणि लोकअदालतीत एकदा सही केली की त्यावर अपील नाही. शेवटी म्हणाले, निर्णय तुमचा. दबाव नाही टाकला.

कृत्रिम पायाचं वेगळं लिहिते कारण हे बरेच जण मागतच नाहीत. दाजींना पहिला पाय शिबिरात फुकट मिळाला, पण राहिलेला पाय हळूहळू बारीक होतो आणि कृत्रिम पायाची वरची वाटी ढिली पडून घासायला लागते. असा पाय आयुष्यभराचा नसतो, काही वर्षांनी बदलायचा, दुरुस्ती वेगळी. साहेबांनी कोटेशन जोडून पुढच्या पायांचे पैसे वेगळे मागितले, सुप्रीम कोर्टाचा २०२२ चा मोहम्मद सबीरचा निकाल लावून, आणि मिळाले.

आता तक्रार. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना असा की धडधाकट माणूस कठडा धरून चढतोय. पाय गेलेल्यांच्या केसेस घेता आणि बसता तिथं? बोलले मी तोंडावर. हसले, जागा भाड्याची म्हणाले. खरं सांगायचं तर दरवेळी स्वतः फाईल घेऊन खाली यायचे, पार्किंगमध्ये गाडीच्या सीटवर कागद ठेवून सह्या घेतल्यात, पण पावसात ते काय खरं नाही. स्टार गेला तो गेलाच. तारखेचं पण आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळत नाही, विचारल्याशिवाय.

निकाल लागला म्हणजे पैसे हातात असं समजू नका. बराच भाग कोर्टानं एफडीत टाकलाय. दाजींना सेंट्रिंगच्या प्लेटा घेऊन भाड्यानं द्यायच्यात, ओळखी सगळ्या त्याच धंद्यातल्या, त्यासाठी एफडीतनं पैसे काढायचा अर्ज साहेबांनी टाकलाय. कंपनी अपीलात जाणार म्हणते. जाऊ दे, ऑगस्ट २०२५ पासनं मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारं न्यायपीठ) कोल्हापुरातच सीपीआरच्या समोर बसतंय, मुंबईचे हेलपाटे तरी वाचले.

कुणाला जायचं असेल तर लवकर जा, १ एप्रिल २०२२ पासनं कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचं लिहिलंय. संध्याकाळी सहाच्या पुढं जा, दिवसा ते कसबा बावड्याला कोर्टात असतात. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची सगळी बिलं घेऊन जा, रिक्षाच्या पावत्या असल्या तर त्या पण. आणि पेशंटला वर चढवू नका, खालीच थांबून ज्युनिअरला फोन लावा, साहेब स्वतः फोन उचलत नाहीत.