मातीच्या घराच्या नावाखाली माझे ६,०५,००० रुपये गेले, निदान तुमचे तरी वाचवा

हे लिहायला मला आठ महिने लागले. पाऊस लवकर आला म्हणून माझ्या घराचं काम थांबलंय, असं गावातल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं आणि मीही त्यांना तसंच वाटू दिलं. पण गेल्या आठवड्यात मला फसवणाऱ्या ठेकेदाराचाच व्हिडिओ आमच्या भावकीतल्या एका पोरानं मला पाठवला. ‘काका, असलं घर बांधायचं म्हणतोय, हा गडी कसा आहे?’ त्या रात्री झोप लागली नाही. आता लाज बाजूला ठेवतो.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत २७ वर्षं काढली, त्यातली १९ सँड प्लँटवर, म्हणजे ओतकामाच्या साच्यांची वाळू तयार होते तिथं. वाळूत ओल किती, बेंटोनाईट (वाळू धरून ठेवणारी चिकण माती) किती, साचा टिकेल का ढासळेल हे बघणं हेच माझं काम. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा ठरवलं होतं की शहरात फ्लॅट घ्यायचा नाही, मळ्यात राहायचं. पश्चिमेला डोंगराकडेला आमची सव्वा एकर आहे. ऊस, भुईमूग, खाली थोडं भात. गव्यांचा कळप रात्रीत अर्धा ऊस आडवा करतो, डुकरं भुईमूग उकरून जातात. माळ्यावर बसून राखण करायचं आता वय राहिलं नाही. म्हणून दोन खोल्या, सोपा, पुढं गोठा एवढंच पाहिजे होतं.

मातीचंच का, असं सगळे विचारतात. मी मातीच्या भिंतीत वाढलोय. उन्हाळ्यात दुपारी आत शिरलं की अंगाला गार लागायचं, ते स्लॅबच्या घरात कुठं मिळतं? शिवाय हे काही खूळ नाही. लॉरी बेकर या वास्तुविशारदांनी केरळात स्वस्तातली, हवेशीर घरं बांधून दाखवली. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविलमध्ये दाबलेल्या मातीच्या विटांच्या इमारती उभ्या आहेत. या विटांना आयएस १७२५ असं भारतीय मानक आहे. हे सगळं मी वाचलं होतं, ऐकीव माहितीवर उडी मारली नव्हती. आणि स्वस्ताच्या मागं लागून फसलो असंही कोणी म्हणू नये. आरसीसीचं एस्टिमेट १४,५०,००० आलं होतं, यानं ११,४०,००० सांगितलं. एवढा फरक कुणालाही पटण्यासारखाच होता.

या ठेकेदाराची पद्धत अशी. मोबाईलवर छान व्हिडिओ, संथ संगीत, लाल भिंतीवर ऊन. मग साईट बघायला नेणार. मला नेलं ते घर खरोखर सुंदर होतं. मालकाशी फोनवर बोललो, ते म्हणाले, ‘घर चांगलं झालंय, गार राहतं.’ ते खरंच बोलले. पण मी ‘काम कुणी केलं आणि पैसे कुणाच्या खात्यावर टाकले’ हा एकच प्रश्न विचारला नाही. नंतर कळलं, हा तिथं रोजंदारीवर गिलाव्याला होता. तुम्ही हा प्रश्न पहिला विचारा, आणि घरमालकाच्या तोंडूनच उत्तर घ्या.

पैसे असे गेले. १२ जानेवारी २०२५ ला बुकिंग ५१,०००. ३ फेब्रुवारीला बांबू आणि विटा दाबायच्या मशीनचं भाडं म्हणून २,३४,०००. १० मार्चला जोतं पुरं झाल्यावर १,८५,०००. २ एप्रिलला विटांचे १,२०,०००, रोख, बिनपावती. झाले ५,९०,०००. वरचे १५,००० कशाचे ते पुढं सांगतो.

जोतं चांगलं झालं होतं, हे कबूल करतो. जांभ्याचं, दोन फूट उंच. फौंड्रीतल्या जुन्या सोबत्यांनी मला निरोपाला बिडाची एक कडी ओतून दिली होती, गाय बांधायला. ती मी स्वतः उजव्या कोपऱ्याच्या दगडात शिसं ओतून बसवली. तिच्यावर आमच्या खात्याचा नंबर आहे, ‘सँ. ४’. आज कळतं की जोत्याचं काम नीट केलं ते विश्वास बसावा म्हणूनच. एका इंजिनिअरला दाखवलं तर तो म्हणाला, सगळं धरून लाखभराचं काम आहे. पुढचा हप्ता लगेच निघावा एवढ्यापुरतं काम सुरुवातीला दाखवतात. कामाच्या पुढं एक रुपयासुद्धा देऊ नका.

बांबू म्हणून साठ नग आले. माणगा जातीचा, चांगला जाड. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून आणतो म्हणाला होता. मुरवलेला बांबू आणि तोडून आणलेला बांबू वरून सारखाच दिसतो. एप्रिल संपायच्या आत खाली पिवळा भुसा पडायला लागला.

आता ती विटांची सकाळ. तीच मला रात्री-अपरात्री आठवते.

पाडव्यानंतरचा तिसरा दिवस. मळ्यात गेलो तर विटा आदल्या रात्रीच उतरवून गेलेल्या. ठरलं होतं असं की आमच्याच शेतातली लाल माती घ्यायची, त्यात शंभराला सात-आठ सिमेंट घालायचं, मशीनवर दाबायच्या आणि पोती टाकून २८ दिवस पाणी मारायचं. मशीन कधी आलंच नव्हतं. समोरच्या विटा लाल नव्हत्या, भिजलेल्या राखेच्या रंगाच्या होत्या. एकाही थप्पीवर ओलं पोतं नव्हतं, खाली पाण्याचा डाग नव्हता. मी एक वीट उचलली आणि कोपऱ्यावर अंगठा दाबला. कोपरा सुटला. तो चुरा मुठीत घेऊन आवळला, मूठ उघडली, तर ढेकूळ झालं नाही, पीठ झालं आणि हाताच्या रेघांत बसलं. १९ वर्षं मी रोज सकाळी हेच केलं. प्लँटवर असली वाळू आली असती तर लाईन थांबवली असती, सुपरवायझरशी भांडलो असतो.

मी फोन लावला. तो म्हणाला, ‘साहेब, ही तुमची कास्टिंगची वाळू नव्हे. यात सिमेंट नाही, एन्झाईम आहे. हवेत जशी राहील तशी घट्ट होत जाते.’ आणि मी गप्प बसलो. सौ. शेजारीच उभी होती. तिला स्लॅबचं घर पाहिजे होतं, तीन महिने मी तिच्याशी वाद घालून मातीचं घर तिच्या गळी उतरवलं होतं. तिच्यासमोर ‘वीट कच्ची आहे’ म्हणायला माझी जीभ रेटली नाही. संध्याकाळी मी त्याला १,२०,००० मोजून दिले, कारण गवंडी बसून आहेत, त्यांचा रोज अंगावर पडतोय असं तो म्हणाला.

एक वीट बादलीत रात्रभर टाकून ठेवली असती तर सकाळी गाळ दिसला असता आणि माझे १,२०,००० वाचले असते. मातीची वीट घेणार असाल तर आधी बादली भरा. माती तपासायला तर काचेची बरणीही पुरते: माती-पाणी हलवून ठेवा, खाली रेती बसते, वर गाळ, त्याच्या वर चिकण. काळ्या मातीची वीट असेल तर घेऊच नका, ती पाण्यानं फुगते आणि उन्हात तडकते.

आता त्या १५,००० ची गोष्ट. ही सांगायला सगळ्यात जड जाते. फेब्रुवारीत गव्यांचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, ‘शेती संरक्षणाच्या बंदुकीचा परवाना काढून देतो, आपला माणूस आहे आत.’ मी दिले. परवाना शस्त्र अधिनियम १९५९ खाली निघतो, अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे स्वतःच्या नावानं करायचा असतो, पोलिसांची चौकशी होते. ‘आतला माणूस’ म्हणून त्यात कुठं जागा नाही. आणि बंदूक मिळाली असती तरी गव्यावर रोखता आली नसती. गवा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, मारला तर तीन ते सात वर्षं कैद. नुकसानीला वन खात्याकडे भरपाईचा अर्ज करायचा, तेवढाच सरळ रस्ता. हे पैसे मी तक्रारीत लिहू शकलो नाही. लिहिले असते तर मीच लाच द्यायला निघालो होतो असं झालं असतं. घर बांधणारा माणूस बंदुकीचा परवाना पण विकतो म्हटल्यावर तिथंच उठून यायला पाहिजे होतं.

मे महिन्यात काय झालं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. २०२५ चा वळीव थांबलाच नाही, त्यातच मान्सून आठ-दहा दिवस आधी येऊन टेकला. भिंती कमरेइतक्या झाल्या होत्या. तो १७ मे ला शेवटचा दिसला. वर प्लॅस्टिक टाकायला सांगितलं होतं, टाकलं नाही. चौथ्या दिवशी गेलो तर भिंतींच्या जागी चार उतरते ढीग, त्यांतून राखाडी पाणी जोत्यावरून खाली भातात चाललेलं. उरलेल्या थप्पीतल्या विटा एकमेकीत मिसळून गेल्या होत्या. मी ते पाणी वळवायला खोरं घेऊन उभा राहिलो. अजून कळत नाही कशासाठी.

फोन केले, तो टाळायला लागला. त्याच्या घरी गेलो, तेव्हा ४०,००० ऑनलाईन टाकले आणि १६ जूनच्या तारखेचा ३,००,००० चा चेक दिला. १८ जूनला बँकेतून परत आला, खात्यात पैसे नाहीत.

मग पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी तीन तास बाकावर. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘काका, हे दिवाणी स्वरूपाचं आहे. काम अर्धं झालंय म्हणजे फसवणूक नाही.’ मी म्हटलं, विटा चिखलाच्या दिल्यात. ‘मग विटा घेताना बघायच्या होत्या.’ रोख पैशाची पावती मागितली, नव्हती. बांधकाम परवानगी मागितली, तीही नव्हती, कारण मातीच्या घराला लागत नाही असं यानंच सांगितलं होतं. त्यावर, ‘म्हणजे अनधिकृत बांधकाम तुमचंच.’ आयुष्यात कधी चौकीची पायरी चढलो नव्हतो आणि पहिल्यांदा चढलो तर आरोपी मीच. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला, तिथं म्हणाले तुम्ही स्वतः पैसे दिलेत, समोरासमोरचा व्यवहार आहे, ठाण्यात जा. ग्रामपंचायतीत गेलो, तिथं म्हणाले आमच्याकडं नोंदच नाही.

आणि पोलिसांनी सगळ्यात वाईट काय केलं असेल तर मला थांबवलं. ‘बोलावून घेतो, मिटवून टाका, पंधरा दिवस द्या.’ तो एकदा आला, हात जोडले, चहा पिऊन गेला. आणखी पंधरा दिवस. मला कुणी सांगितलं नाही की चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी हातात पडली की ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे, तरच चेक न वटल्याची, कलम १३८ ची केस उभी राहते. १८ जुलै निघून गेला. चेक पुन्हा भरून पुन्हा नोटीस देता आली असती, पण चेकचं आयुष्य तीन महिन्यांचं. मी वकिलाकडे गेलो २२ सप्टेंबरला. त्यांनी तारीख बघितली आणि चेक टेबलावर ठेवून चष्मा काढला. त्या ठाण्यातल्या माणसांना हा नियम माहीत नव्हता असं मला कुणी सांगू नये. मिटवामिटवी चालू असली तरी नोटीस आधी पाठवा. पोस्टाची पावती जपून ठेवा.

वकिलांनी हेही सांगितलं की गुन्हा नोंदवून घेत नसतील तर तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३(४), आणि तिथंही दाद नाही मिळाली तर दंडाधिकाऱ्यांपुढं. फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे. मी अधीक्षकांना पाठवलं. उत्तर आलं, ‘संबंधित ठाण्याकडे वर्ग.’ परत त्याच बाकावर. त्याच हवालदारानं तोच अर्ज हातात घेऊन विचारलं, ‘वर कशाला गेला होता?’

ऑक्टोबरमध्ये ग्राहक आयोगात दावा टाकला. दिलेले पैसे पाच ते दहा लाखांच्या मधे असतील तर फी २०० रुपये, वकील नसला तरी चालतो, दोन वर्षांची मुदत असते. हे मला जूनमध्ये कुणी सांगितलं असतं तर! बुकिंगची पावती, ऑनलाईन पैशांचे पुरावे, मोबाईलवरचे निरोप सगळं जोडलंय. त्याचे फोनवरचे गोड निरोप मी चिडून पुसणार होतो, मुलानं अडवलं म्हणून राहिले. काही पुसू नका.

सौ. यावर एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

भावकीतल्या पोरानं पाठवलेला तो व्हिडिओ मी चार वेळा बघितला. त्यात ‘चालू प्रकल्प’ म्हणून एक जांभ्याचं जोतं दाखवलंय, मागं ऊस, वर डोंगर. पावसाच्या आधी काढलेलं चित्र आहे. उजव्या कोपऱ्याच्या दगडात बिडाची काळी कडी दिसते. थांबवून मोठं केलं तर ‘सँ. ४’ वाचता येतं. ते जोतं माझं आहे. तुम्हाला कुणी ते दाखवून बुकिंग मागितलं, तर देऊ नका, आणि तो निरोप जपून ठेवा. माझ्या दाव्याला तो लागेल.