आरोग्य संजीवनी : सोलापूरच्या घराला कितपत पुरते?

१ एप्रिल २०२० पासून आरोग्य विमा विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला एक पॉलिसी ठरवून दिलेल्या मसुद्यातच विकावी लागते. तिचं नाव आरोग्य संजीवनी. सोबत कंपनीचं नाव लागतं, आतली कलमं सगळीकडे तीच.

एरवी दोन पॉलिसी शेजारी ठेवल्या की एकीत खोलीभाडं बरं, दुसरीत थांबायचा काळ कमी, असा घोळ होतो आणि शेवटी माणूस ओळखीच्या एजंटाचं ऐकतो. इथे तो घोळ नाही. तीच माणसं, तीच वयं, पाच लाखांचं संरक्षण एवढं धरून चार कंपन्यांचे हप्ते मागवा. समोर येणारा फरक निव्वळ किमतीचा असेल. सोलापूरच्या मध्यमवर्गीय घरानं पहिला आरोग्य विमा घेताना हिशेब इथूनच सुरू करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र हीच एक पॉलिसी घेऊन निर्धास्त राहू नये.

सोलापूरकरांच्या दृष्टीनं तिचा सगळ्यात मोठा गुण झोनचा. बऱ्याच इतर पॉलिसी शहरांचे झोन पाडतात. सोलापूरचा पत्ता दिला की हप्ता कमी लागतो, पण मोठ्या ऑपरेशनसाठी वरच्या झोनमधल्या शहरात दाखल झालात तर बिलाचा ठरावीक टक्का स्वतः भरावा लागतो. अँजिओप्लास्टी सोलापुरात होते, पण अवघड केस पुण्याला, मुंबईला किंवा हैदराबादला हलवली जाते हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणजे जेव्हा बिल सर्वात मोठं, नेमकी तेव्हाच कात्री. संजीवनीत झोनप्रमाणे हप्ता लावायला परवानगीच नाही, देशभर एकच दर. जुळे सोलापूरच्या माणसाला मुंबईकराएवढा हप्ता भरावा लागतो हे खरं, पण पुण्यात उपचार घेतले म्हणून वेगळी वजावट होत नाही. दुसरी पॉलिसी स्वस्त दिसली तर आधी तिच्यातलं झोनचं कलम वाचा, मग स्वस्त म्हणा.

आता खोलीभाडं. सर्वात जास्त पैसे इथेच जातात. संजीवनीत दिवसाला विमा रकमेच्या २ टक्के, पण जास्तीत जास्त ५,००० रुपये मिळतात. आयसीयूसाठी ५ टक्के, जास्तीत जास्त १०,०००. खोली ८,००० रुपयांची घेतली तर वरचे ३,००० भरले की सुटलो, असं लोक धरून चालतात. तसं नसतं. मर्यादेबाहेरची खोली घेतली की बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापलं जातं.

समजा सहा दिवस ८,००० रुपयांच्या खोलीत राहिलात. भाडं झालं ४८,०००. ऑपरेशन, ओटी (ऑपरेशन थिएटरचं भाडं) आणि डॉक्टरांच्या भेटी मिळून १,२०,०००, औषधं ८०,०००. एकूण बिल २,४८,०००. कंपनी भाड्याचे ३०,००० धरेल. १,२०,००० चे आठात पाच या प्रमाणात ७५,००० होतील. औषधांना ही कात्री नाही, ते ८०,००० पूर्ण. मंजूर झाले १,८५,०००. त्यातून ५ टक्के को-पे (मंजूर रकमेतला आपण सोसायचा वाटा), म्हणजे ९,२५०, वजा जाऊन हातात १,७५,७५०. घरातून भरायचे ७२,२५०. याच ऑपरेशनला ५,००० ची खोली घेतली असती तर बिल २,३०,००० आणि घरातून फक्त ११,५००. दोन्हीकडे ग्लोव्ह्ज, मास्क यांसारखे न मिळणारे खर्च वेगळे धरा.

म्हणून रेल्वे लाईन्स असो वा होटगी रोड, ज्या दोन-तीन दवाखान्यांत तुमचं घर खरोखर जातं तिथल्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या खिडकीवर, पॉलिसी घेण्याआधीच चौकशी करा. सेमी-प्रायव्हेट आणि प्रायव्हेट खोलीचा आजचा दर काय, आणि अमुक कंपनीचं कॅशलेस (कंपनीनं बिल थेट दवाखान्याला देणं) इथे चालू आहे का. कंपनीच्या वेबसाइटवरची यादी जुनी असू शकते; डेस्कवरच्या माणसाला खरं काय ते माहीत असतं. भाडं ५,००० च्या आत बसत असेल तर संजीवनी चालेल. स्वतंत्र खोलीशिवाय भागत नसेल तर खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या. तिचा जास्तीचा हप्ता वाया जात नाही.

५ टक्के को-पे प्रत्येक क्लेमला आहे, तो टळत नाही. मोतीबिंदूला एका डोळ्यामागे जास्तीत जास्त ४०,००० किंवा विमा रकमेच्या २५ टक्के, यातलं कमी असेल ते. ओपीडी आणि बाळंतपण नाही. क्लेम नसलेल्या वर्षाला विमा रक्कम ५ टक्क्यांनी वाढते, ५० टक्क्यांपर्यंत.

अपघात सोडून पहिले ३० दिवस काही मिळत नाही. हर्निया, मूळव्याध, मुतखडा, मोतीबिंदू, गर्भाशय काढणं अशा ठरलेल्या यादीला २४ महिने थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजारांना पूर्वी ४८ महिने लागायचे. २०२४ पासून जास्तीत जास्त ३६. बीपी, शुगर आणि तंबाखू लपवू नका. मावा, विडी, मिश्री, जे असेल ते फॉर्मवर लिहा. एजंट 'सगळीकडे नाही लिहितो, नाहीतर हप्ता वाढेल' म्हणाला तर फॉर्म त्याच्या हातातून घेऊन स्वतः भरा. क्लेमच्या वेळी केस पेपरवर 'पाच वर्षांपासून शुगर' असं डॉक्टरांनी लिहिलेलं असतं, आणि क्लेम नाकारायला तेवढी ओळ पुरते. सलग ६० महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला माहिती लपवल्याचं कारण पुढे करता येत नाही. तोवर तुमची ढाल म्हणजे तुम्ही भरलेला फॉर्म.

पाच लाख आज पुरत नाहीत, आणि संजीवनीच वाढवत नेणं महाग पडतं. तिच्यावर सुपर टॉप-अप ही जोड पॉलिसी घ्या, दहा किंवा वीस लाखांची, पाच लाख डिडक्टिबलची, म्हणजे पहिले पाच लाख सोडून वरचा खर्च देणारी. वर्षातला एकूण खर्च पाच लाखांवर गेला की ती सुरू होते, म्हणून तिचा हप्ता कमी. नावातला 'सुपर' महत्त्वाचा. साध्या टॉप-अपमध्ये डिडक्टिबल दर क्लेमला वेगळं मोजलं जातं; वर्षात चार-चार लाखांची दोन बिलं झाली तर त्यातून दमडीही येत नाही, सुपर टॉप-अपमधून आठातले पाच वजा जाऊन उरलेले येतात. दोन्ही पॉलिसींची नूतनीकरणाची तारीख एकच ठेवा. दाखल होताना दोन्हीकडे कळवा, आणि पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर व शिक्का मारलेल्या बिलांच्या प्रती मागून घ्या; दुसरी कंपनी त्याशिवाय फाइल पुढे सरकवत नाही.

हप्त्यात खरी बचत हवी असेल तर आई-वडिलांना फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराच्या मिळून एकाच पॉलिसीत, घालू नका. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वात वयस्कर माणसाच्या वयावर ठरतो. ७२ वर्षांचे वडील घातले की ३५ वर्षांच्या मुलाचं संरक्षणही महाग होतं. त्यांची पॉलिसी वेगळी काढा. शिवाय ७० पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. कार्ड काढायला आधार पुरतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही पाच लाखांपर्यंत आहे, पण ती संलग्न दवाखान्यात आणि ठरलेल्या उपचारांनाच लागू होते. दाखल होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा.

यंत्रमाग किंवा टॉवेलच्या कारखान्यात महिना २१,००० पर्यंत पगार असेल आणि कारखाना ईएसआय या कामगारांच्या सरकारी विमा योजनेखाली नोंदलेला असेल तर कुटुंबाचे उपचार त्या योजनेत होतात. पगारातून ०.७५ टक्के कापले जात असूनही घरच्यांची नावं चढवलेली नसतात, हे आधी तपासा. त्यानंतर संजीवनीचा विचार करा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. पूर्वी १८ टक्के होता. नूतनीकरणाच्या नोटिशीत ती ओळ अजून दिसली तर जाब विचारा. बँक पासबुकही चाळा. ४३६ रुपयांची जीवन ज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा बीमा या सरकारी विमा योजनांचा हप्ता दोन-तीन खात्यांतून कापला जात असेल तरी प्रत्येक योजनेचा क्लेम एकाच खात्यावर, दोन लाखांचाच मिळतो. जादाच्या खात्यांवरची बंद करायचा अर्ज ३१ मेच्या आधी द्या.

'पहिल्या हप्त्यातले एवढे परत देतो' म्हणणाऱ्याकडून पॉलिसी घेऊ नका. विमा कायद्याच्या कलम ४१ नं ते बेकायदा आहे, आणि पुढे क्लेमच्या वेळी असा माणूस फोन उचलेल याची खात्री नाही.

ठरवून दाखल होणार असाल तर ४८ तास आधी कळवा, तातडीच्या वेळी २४ तासांत. कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीनं एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा आहे. त्यापुढे उशीर झाला आणि दवाखान्यानं जादा आकारणी केली तर ती कंपनीच्या माथी. तीन तासांची वेळ डेस्कवर लिहून घ्या. पैसे आधी भरून मागायचे असतील तर डिस्चार्जपासून ३० दिवसांत कागद द्या: मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या. सगळ्याची झेरॉक्स घरी ठेवा.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, कोणत्या कलमाखाली तेही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर सोलापूरसाठी विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील नको, ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत ती दाखल करावी लागते.