संभाव्यता शिकवताना आधी सूत्र की आधी कवडी?

नववी-दहावीच्या मुलांना संभाव्यता शिकवायला घेतली की सुरुवात सैद्धांतिक बाजूने (सूत्राने उत्तर काढून) करावी की प्रायोगिक (प्रत्यक्ष फेकी टाकून, नोंदी मोजून), हा प्रश्न पहिल्याच दिवशी पुढे येतो. फोंड्याला माझ्या शिकवणीत मी दोन्ही क्रम वापरून पाहिले आहेत, म्हणून ज्यांना ही निवड करायची आहे त्यांच्यासाठी माझा अनुभव नोंदवतो.

सैद्धांतिक संभाव्यतेचे बळ नाकारण्यासारखे नाही. पाच फासे एकदम टाकले असता पाचही फाशांवर सहा पडण्याची संभाव्यता 7,776 मध्ये 1 आहे, हे वहीत दोन ओळींत निघते. प्रयोगाने ते शोधायला बसलो तर चवथीची सुट्टीही पुरणार नाही. मात्र या पद्धतीचा सगळा भार सर्व निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे घडण्याची शक्यता सारखीच, असण्यावर आहे आणि मुलांच्या हातून नेमकी हीच अट सुटते. दोन वेळा नाणे उडवून निदान एक छापा मिळण्याची संभाव्यता 3/4 असताना दालांबेरसारख्या गणितज्ञाने 1754 साली फ्रेंच विश्वकोशात 2/3 लिहिली होती. पहिल्याच वेळी छापा पडला तर खेळ तिथेच संपतो, असे धरून त्यांनी तीनच शक्यता मोजल्या आणि त्या समान मानल्या. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी हीच चूक केली आहे.

तरीही माझा क्रम बदलला तो वेगळ्याच कारणाने. सूत्र आधी शिकवून झाल्यावर मी 28 मुलांना घरून प्रत्येकी 20 वेळा नाणे उडवून नोंद आणायला सांगितले होते. वह्या आल्या तेव्हा त्यांतल्या 17 वह्यांत बरोबर 10 छापे आणि 10 काटे होते. वीस फेकींत नेमके दहा छापे येण्याची संभाव्यता सुमारे 18 टक्के असते, म्हणजे अशा वह्या पाचेक निघायला हव्या होत्या. मुलांनी फसवणूक केली असे मी म्हणणार नाही. उत्तर आधीच माहीत असल्यामुळे आलेला आकडा त्यांना स्वतःची चूक वाटला आणि त्यांनी तो सुधारला. पुढच्या वर्षी ताकीद देऊनही हेच घडले, आणि नोंद करण्याआधीच ती दुरुस्त करण्याची ही सवय मला फार खटकली.

त्यानंतर मी नाणे बाजूला ठेवून आजीच्या सारीपाटातली कवडी काढली. कवडी उताणी पडेल किंवा पालथी पडेल, निष्पत्ती दोनच. पण तिच्या दोन्ही बाजू सारख्या नसल्यामुळे संभाव्यता निम्मी आहे असे कोणालाच म्हणता येत नाही, मलाही नाही. जुळवून घ्यायला उत्तरच नसल्यामुळे मुले जे पडले तेच लिहितात, आणि दोघांच्या नोंदी वेगळ्या आल्या की फेकी वाढवण्याची मागणी तीच करतात. गणितज्ञ याकोब बर्नुलींचा 1713 साली प्रसिद्ध झालेला मोठ्या संख्यांचा नियम (फेकी वाढत गेल्या की मिळालेले प्रमाण खऱ्या संभाव्यतेजवळ सरकते) त्या क्षणी सांगितला तर तो त्यांना आपल्याच प्रश्नाचे उत्तर वाटतो. नाणे आणि फासा यांच्या बाबतीतच फेकी न टाकता सूत्राने उत्तर का काढता येते, हेही मग वेगळे समजवावे लागत नाही.

या क्रमाला वेळ लागतो, हे मान्य केले पाहिजे. फेकी चौपट केल्या तरच प्रयोगाच्या उत्तरातली अपेक्षित चूक निम्म्यावर येते. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना गणितज्ञ जॉन केरिच यांनी नाणे 10,000 वेळा उडवले, तेव्हा 5,067 छापे पडले. एवढी सवड कोणत्याच वर्गाला मिळत नाही. परीक्षा महिन्यावर आली असेल तर सूत्रापासून सुरुवात करणे कदाचित शहाणपणाचे ठरेल. हाताशी दोन तासिका मोकळ्या असतील, तर पहिली कवडीला द्यावी, असे मी सुचवीन. पाच गट करून प्रत्येकाने 40 फेकी टाकल्या तरी 200 नोंदी जमतात; फक्त सर्व गटांनी आळीपाळीने एकच कवडी वापरावी, कारण दुसऱ्या कवडीची ठेवण वेगळी असते आणि तिचे उत्तरही वेगळे येऊ शकते.